भात सोडलेल्या दोघी

मुलगी झाली तेव्हा मला बघायला आलेल्या प्रत्येक बाईने एकच शब्द वापरला. हेल्दी. "पोरगी हेल्दी हाय, अन् मायबी भल्ली हेल्दी झाली." आमच्याकडे हेल्दी म्हणजे निरोगी नव्हे, हेल्दी म्हणजे जाड. कुणाला तोंडावर जाडी म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून इंग्रजीतून म्हणायचं आणि वर कानशिलावर बोटं मोडून दृष्टही काढायची. मी बाजेवर बसून, कानाला फडकं बांधून हे कौतुक ऐकत असे. त्यामुळे पुढे डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या की आता तुम्हाला हेल्दी व्हायला पाहिजे, तेव्हा मी मनात म्हटलं, अजून किती होऊ?

त्याचं असं झालं, की सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर निघाली. बाळंतपण झालं आणि ती उतरली. ती मुलीबरोबरच बाहेर पडली असं समजून घरच्यांनी पेढे वाटले. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र मला समोर बसवून सांगितलं, "गेली असं समजू नका. तुमच्या आईला आहे ना?" आहे. "मग ती तुमच्याकडेही यायला बघणार. वजन उतरवा, चाला, खाणं सांभाळा. मुलगी वरचं खायला लागली की परत एक तपासणी करू. तेव्हा निघाली, तर मात्र जन्मभराची." मी घाबरले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बरीच टवाळी करणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की या बाईला कशाचंच काही नाही. आई सुई ओवते तेव्हा दोरा कुठे असतो आणि सुईचं नाक कुठे, हे मी कितीतरी वर्षं बघत होते. मला माझ्या मुलीच्या फ्रॉकची बटणं स्वतःच्या डोळ्यांनी लावायची होती. तेवढंच.

तेव्हा मी माझ्या रोजच्या सवयी तपासायला घेतल्या. सुरुवात अर्थातच फोनला विचारून केली.

फोनमध्ये एक बाई आहे. तिचं स्वयंपाकघर पांढरं आहे आणि पोट सपाट. तिला माझ्याच मुलीच्या वयाचं बाळ आहे म्हणे, पण ते कधी रडत नाही. शूटिंगपुरतं कुणाकडून मागून आणलं असावं. ती सांगते, सूर्य उगवायच्या आधी उठा, शांत बसा, स्वतःसाठी वेळ काढा. मग एका मोठ्या वाडग्यात ती अशी फळं कापते की ज्यांची नावं ऐकून आमच्या गडचांदूरच्या फळवाल्या चाचांनी माझ्याकडे काळजीने बघितलं. "बेटी, वो सब नागपूर में मिलता. तुम पपई लेके जाओ," ते म्हणाले. मी पपई घेऊन आले. स्वतःसाठी वेळही काढला. न्हाणीघरात. आत मी शांत बसले होते आणि बाहेर सासूबाई माझ्या रडणाऱ्या मुलीला समजावत होत्या, "तुई माय आंघोळ करून राह्यली का झोपून राह्यली, काय मालूम."

मग चालणं. चालायला पैसे लागत नाहीत, नागपूरहून काही मागवावं लागत नाही, म्हणून मला वाटलं हे तरी जमेल. पण आधी मी ओली बाळंतीण होते. "ओली बायतीन कुठी रस्त्यानं फिरते काय? वारं लागन," असं सासूबाई म्हणाल्या आणि दाराला आतून कडी लावली. मी कधी वाळणार याचा कुणालाच पत्ता नव्हता. सव्वा महिना गेला, मुलगी पालथी पडू लागली, तिला खाली एक दात आला, तरी मी ओलीच. जिथे उन्हाळ्यात ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो, त्या गावात मी एकटीच ओली राहिले होते.

शेवटी मी वाळल्याचं सासूबाईंनी मान्य केलं, तर नवऱ्याने वाघ आणला. नवरा सिमेंटच्या कारखान्यात कामाला आहे आणि आम्ही गावाच्या कडेला राहतो. "मागच्या नाल्याकडं वाघ फिरून राह्यला म्हनते," तो म्हणाला. कोण म्हणते? तर कामावरच्या एकाच्या साळ्याने बघितला होता. आता आमच्या जिल्ह्यात वाघ नाही असं कोण म्हणेल? आहेत, आणि माणसं मरतात, त्यात चेष्टेचं काही नाही. पण या वाघाला एक खोड होती. मी चपला घातल्या की तो नाल्यावर यायचा. नवरा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, आणायला निघाला की जंगलात परत जायचा. नवरा त्याच नाल्यावरून जायचा, सकाळी जायचा, अंधार पडल्यावरही जायचा. मग खर्रा गालात धरून, थुंकी सांडू नये म्हणून हनुवटी वर करून, तो मला तब्येतीचं महत्त्व सांगायचा.

माझी नाराजी बघून त्याने मला मनगटावर बांधायचं घड्याळ आणून दिलं. चाललेली पावलं मोजणारं. "घरातल्या घरात चाल. वाघबी नाई, वारंबी नाई," म्हणाला. मी बांधलं, आणि मुलीला झोपवायला म्हणून पलंगावर आडवी होऊन पाळण्याची दोरी ओढत पडले. दुपार तशीच गेली. संध्याकाळी घड्याळ माझ्या मनगटावर थरथरलं आणि त्यात फुगे उडायला लागले. आजची पावलं पूर्ण झाली, अभिनंदन! दोरी ओढणारा हात त्याला चालणारा वाटला होता. नवऱ्याने ते फुगे आपल्या आईला नेऊन दाखवले. सासूबाई मला म्हणाल्या, "बग, किती चालली तू आज. आता जास्ती नोको चालू, थकशीन." त्या दिवसापासून रोज माझं अभिनंदन होऊ लागलं आणि वजनकाटा होता तिथेच राहिला.

खाण्याचं प्रकरण याहून अवघड. सासूबाईंनी डिंकाचे लाडू करून डबा माझ्या उशाशी ठेवला होता. संपला की भरायच्या. मी म्हटलं, "मम्मी, डॉक्टरांनी गोड नाही सांगितलं."

"गोड कुठी हाय? साखरेचा दानाबी नाई टाकला. निस्ता गूळ हाय."

"गूळ म्हणजे साखरच असते."

"मंग त्याले साखर काऊन नाई म्हनत?"

 मी बी.ए. झालेली आहे. मी लाडू खाल्ला.

तरी एक गोष्ट मी खरोखर सोडली. भात. आणि ती सोपी नव्हती, हे इथल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. माझं सासर मूळचं कोरपन्याकडचं, कापूस-ज्वारीच्या मुलखातलं. त्यांच्या ताटात भाकरी मुख्य, भात शेवटी चमचाभर, तोंडापुरता. मी चामोर्शीची. आमच्याकडे धान पिकतं आणि जेवण म्हणजे भात. म्हणजे अक्षरशः. पाच पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, पापड खाऊन उठलेला माणूस आमच्याकडे विचारतो, "आता जेवन कवा होते?" भात आला नाही तर जेवण झालेलं नसतं, ते चाललेलं असतं चहा-नाश्त्यासारखं काहीतरी. त्यामुळे मी भात सोडला तेव्हा माझ्या माहेरी हाहाकार झाला. आई रोज फोन करायची.

"जेवली काय वो?"

"दोन पोळ्या खाल्ल्या, भाजी खाल्ली."

"ते झालं. पन जेवली काय?"

"भात सोडला ना मी."

मग आई फोन ठेवून द्यायची. माझ्या मागे गल्लीत तिने सगळ्यांना सांगितलं होतं, की पोरीचं जेवण बंद केलं डॉक्टरनं, अंगावर पाजते तरी. चारपाच बायका येऊन तिची समजूत काढून गेल्या.

पण दोनतीन दिवसांत आईला उपाय सुचला. सुचणारच, या क्षेत्रात ती माझी सीनियर. "मीबी त भात सोडला नं," ती म्हणाली, "किती वर्सं झाले! तुले सांगतो कसं करायचं." आणि तिने सांगितलं. सकाळी पोहे खायचे. पोटाला हलके. अकराच्या सुमाराला मुरमुरे, ते तर हवाच, त्यात काही नसतंच. दुपारी तांदळाची भाकर. चार वाजता चहात बुडवून चकली. रात्री आजारी माणसाला देतात ती पेज, मीठ टाकून. भाताचा एक दाणा पोटात जात नाही आणि भूक म्हणून लागत नाही. लगेच एसटीने पोतं आलं. पोहे, मुरमुरे, तांदळाचं पीठ, आणि चकल्यांचा डबा. मी आईच्या पथ्यावर गेले आणि मला फार हलकं वाटू लागलं. दोघी फोनवर एकमेकींची पाठ थोपटायचो. "धरवते नं भातावाचून?" आई विचारायची. "धरवते," मी म्हणायचे, तोंडातले मुरमुरे संपवून.

शिवाय भांड्यात उरलेलं होतंच. नवऱ्याच्या ताटात भात उरायचा, आणि मुलगी वरचं खायला लागल्यावर तिच्या वाटीत खिमट उरू लागलं. धानाच्या घरात वाढलेली बाई शितं टाकत नाही. ती कोपऱ्यात उभी राहून, बोटाने वाटी पुसून खाते. ते काही खाणं नव्हे, ते आवरणं. भांडी घासायच्या आधीचं काम. फोनमधली बाई उरलेल्या खिमटाबद्दल कधी काही बोलली नाही, म्हणून मीही ते माझ्या हिशेबात धरलं नाही.

आईबद्दल आणखी एक सांगायचं म्हणजे तिची चप्पल. आईला चप्पल सांभाळता येत नाही, हा आमच्या घरचा जुना विनोद. चामोर्शीच्या आठवडी बाजारात ती दोन चपला घालून जाते आणि एक घालून येते. कुठे पडली, कधी पडली, तिला सांगता येत नाही. बाबा म्हणायचे, "एक पाय बाजारात इकून आली, आता दुसऱ्याले गिऱ्हाईक पाहा." आम्ही सगळे पोट धरून हसायचो आणि आई सगळ्यांत जास्त हसायची. दर वेळी नवी चप्पल घेताना दुकानदारही विचारायचा, जोडी देऊ की एकच देऊ?

मे महिन्यात तपासणीची वेळ आली. मुलीला सांभाळायला म्हणून आई चामोर्शीहून आमच्याकडे आली, कारण सासूबाईंनी त्या उन्हात चंद्रपूरला यायला साफ नकार दिला होता आणि नवऱ्याची पहिली पाळी होती. आम्ही तिघी सकाळच्या गाडीने गेलो. मी उपाशी, आई पोहे खाऊन, मुलगी दोघींच्या मांडीवर आलटून पालटून. तिथे नर्सने मला ग्लासभर साखरेचं पाणी प्यायला दिलं. तपासणीच तशी असते, ते पाजून मग रक्त घेतात. आईला ते काही केल्या पटेना. "साखर हाय का नाई ते पाहाले साखरच पाजून राह्यले? मंग निघनच नं!" ती बाकावरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली. दोनतिघींनी माना डोलावल्या.

कागद आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "अजून झालेली नाही. पण अगदी काठावर आहे. असंच चाललं तर आत जाल." मला हायसं वाटावं की रडावं ते कळेना. एवढं करून काठावर! मी जरा चिडूनच म्हटलं, "मी तर भातसुद्धा सोडलाय."

"मीबी सोडला," मागून आई म्हणाली.

"छान. मग खाता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माझ्याआधी आईनेच सांगितलं. अभिमानाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोहे, मुरमुरे, भाकर, चकली, पेज. डॉक्टरीणबाई इकडच्या नव्हत्या. त्या ऐकता ऐकता पेन खाली ठेवून आमच्या दोघींकडे बघत राहिल्या.

"अहो आजी," त्या म्हणाल्या, "हे सगळे तांदूळच आहेत."

"तांदूर हाय," आई म्हणाली, "पन भात नाई नं."

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरायचा प्रयत्न केला आणि तो साधला नाही.  मी शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी बाई. पोहे तांदळाचे असतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण भात नाही म्हणजे तांदूळ नाही, हे माझ्या जिभेने परस्पर ठरवून टाकलं होतं आणि डोक्याला विचारलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मग शांतपणे काय काय बंद करायचं ते सांगितलं. भात थोडा खा हवं तर, पण मोजून खा, आणि बाकीचं आवरा. चाला. घड्याळाला फसवू नका, असंही त्या म्हणाल्या. नवऱ्याने दिलेल्या घड्याळाची आणि पाळण्याच्या दोरीची गोष्ट मीच त्यांना मघा हसत हसत सांगून बसले होते.

बाहेर चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन होतं. डांबर मऊ झालं होतं. आईने मुलीला कडेवर घेऊन दुपट्ट्याने झाकलं आणि ती ऑटोच्या दिशेने निघाली. पिशव्या आणि कागद घेऊन मी मागे. आईचा राग आता बाहेर पडत होता. "पोह्याले पोहे म्हनाव, भाताले भात म्हनाव, येवढंबी नाई समजत तिले, अन् डॉक्टर झाली! आपल्याले हासून राह्यली वरून!" मला हसू येत होतं. घरी जाऊन हे कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

तेवढ्यात मला रस्त्यात पडलेली एक रबरी चप्पल दिसली. निळ्या पट्ट्याची. ओळखीची वाटली.

मी समोर बघितलं. आई चालत होती. एका पायात निळ्या पट्ट्याची चप्पल, दुसरा पाय उघडा, त्या डांबरावर. तिने पाय उचलून घेतला नाही, की पाऊल भराभर टाकलं नाही. आपल्या घरच्या सारवलेल्या ओसरीवरून चालावं तशी ती चालत होती, बोलत होती, डॉक्टरीणबाईंचा उद्धार करत होती.

"आई, थांब. चप्पल."

"कोनाची?"

मी तिच्या पायाकडे बोट दाखवलं. तिने खाली बघितलं, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसा. मग उघडा पाय चपलेच्या पायावर ठेवला आणि म्हणाली, "अवो माय. इकली वाट्टे." तो आमचा विनोद होता. ती नेहमीसारखी हसली आणि मी हसायची वाट बघत राहिली. मला हसता आलं नाही. बाजारातून ती कितीदा तशीच आली होती, आणि दारात बसून आम्ही तिला दुसऱ्या पायाचा भाव विचारत होतो.

"भाजलं का?"

"नाई वो. काईच नाई झालं. तू काऊन घाबरून राह्यली?"

घरी येईपर्यंत तिच्या तळव्याला फोड आला होता, चांगला मोठा. नवरा कामावरून आला होता. "काठावर पास त झाली नं!" तो खूश होऊन म्हणाला.  मी आईला भिंतीशी टेकवून बसवलं, तिचे पाय माझ्या मांडीवर घेतले आणि मलमाची ट्यूब आणली. मुलगी शेजारी उताणी पडून पाय झाडत होती. ट्यूबचं टोपण काढताना माझं बोट तिच्या तळव्याला जरासं लागलं, तर तिने खिदळून पाय पोटाशी ओढून घेतला. मी मुद्दाम परत लावलं. परत ओढून घेतला.

आई सासूबाईंना डॉक्टरीणबाईंची हकीगत सांगत होती. पेन कसं खाली ठेवलं तेही हातवारे करून सांगितलं. सासूबाई कधी नव्हे त्या माझ्या आईच्या बाजूच्या होत्या. मी फोडाच्या कडेने मलम लावलं, मग टाचेला लावलं, मग बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवलं. आई बोलतच होती. मग मधेच थांबून ती माझ्याकडे वळली.

"लावतं का नाई मलम? कवाची नुसती बसून राह्यली."

माझी दोन्ही हातांची बोटं तिच्या तळव्यावर होती.

मी "लावते," म्हटलं आणि आणखी थोडा वेळ लावत राहिले, म्हणजे तिला वाटावं की आता लावलं. मग उठले. मुलीच्या वाटीत खिमट उरलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "खाऊन घे, टाकू नोको." मी ती वाटी गायीच्या बादलीत उपडी केली.

"भात टाकला वो?" आईने विचारलं. तिचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

"टाकला," मी म्हटलं.

मनगटावरचं घड्याळ सोडून टीव्हीवर ठेवलं. नवऱ्याने नाल्याकडे बघत वाघाचं काहीतरी सुरू केलं, ते मी ऐकलं नाही. दाराशी चपला घातल्या. दोन्ही पायांत आहेत ना, ते वाकून बघितलं, आणि मग बाहेर पडले.